परवान्याचे प्रवचन, परवान्याचे गाणे

गेल्या अंकात चेकोस्लोव्हाकियातील ‘सनद 77’ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर लेख प्रसिद्ध झाला होता. त्या सनदेच्या मुळाशी 1976 साली प्राग येथे एका रॉक वाद्यवृंदावर चाललेला खटला होता आणि त्या खटल्यात एका प्रोटेस्टंट पाळकालाही तुरुंगवास झाला, असे एक वाक्य त्यात ओघाने आले होते. आलेली बहुतेक पत्रे लेखावर नसून त्या एका वाक्यावर आहेत. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या देवळातील गायकवृंदात मी तीस वर्षे गात आहे. देवाची स्तुती शुद्ध स्वरांत आणि शुद्ध शब्दांत करावी, असे आम्हांला शिकवले गेले. केस वाढवलेली, कर्णकर्कश वाजवणारी, गाण्यात शिव्या घालणारी मंडळी आणि एक ख्रिस्ती पाळक हे एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात कसे आले? त्यांना शिक्षा पाळक म्हणून झाली की गायक म्हणून?
— एक वाचक, वसई

उत्तर : शिक्षा गायक म्हणून झाली. परंतु पाळक म्हणून बोलण्याची परवानगी राज्याने त्यांच्याकडून आधीच काढून घेतली होती, हेही त्याच उत्तरात धरले पाहिजे.

या पाळकांचे नाव स्वातोप्लुक कारासेक. 1942 साली प्राग येथे जन्मलेले कारासेक चेक बंधूंच्या सुवार्तिक चर्चचे पाळक होते. चेकोस्लोव्हाकियात 1949 च्या 218 क्रमांकाच्या कायद्याने धर्मोपदेशकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून देण्यास सुरुवात झाली आणि त्याबरोबरच ‘राज्याची संमती’ असल्याशिवाय कोणालाही धर्मोपदेशकाचे काम करता येणार नाही, असेही ठरले. वेतनाची ही व्यवस्था वरकरणी उदार दिसते. प्रत्यक्षात तिच्यामुळे कोणत्या गावच्या व्यासपीठावरून कोणी बोलावे, हे मंडळी (म्हणजे त्या चर्चचे सभासद) ठरवत नसे, तर सरकारी कचेरीतला धर्मविषयक अधिकारी ठरवू लागला. कारासेक यांची संमती 1970 च्या दशकाच्या आरंभी काढून घेण्यात आली. पुढे काही काळ ते हौस्का नावाच्या जुन्या किल्ल्याची देखभाल करत होते. (या किल्ल्याखाली नरकाचे दार आहे, अशी तिथली दंतकथा आहे. ज्यांचे सर्वांत गाजलेले गाणे सैतानाला ‘नाही’ म्हणण्याविषयी आहे, त्या पाळकांना नेमकी तीच जागा मिळावी, याची मला नेहमी गंमत वाटते.)

त्या गाण्याचा उगम न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रस्त्यांवर गिटार घेऊन गाणाऱ्या एका अंध कृष्णवर्णीय उपदेशकाकडे, म्हणजे रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्याकडे जातो. अमेरिकेतील गुलामांची भक्तिगीते आणि त्यांच्या वंशजांचे ब्लूज यांच्या चालींवर कारासेक स्वतःचे चेक शब्द बसवत, आणि ते शब्द म्हणजे बहुधा त्यांचे प्रवचनच असे. आपल्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन जवळ केले ते लोकांच्या कानांना ते रूप ओळखीचे होते म्हणून. कारासेक यांनीही तेच केले. फक्त त्यांच्यासमोर बसणाऱ्या तरुणांच्या कानांना ओळखीचे होते ते ब्लूज आणि रॉक.

आता त्या केस वाढवलेल्या मंडळींविषयी. ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा वाद्यवृंद 1968 साली, सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील वॉर्सा कराराच्या फौजा ऑगस्टमध्ये देशात घुसल्यानंतर थोड्याच दिवसांत, मिलान ह्लावसा या तरुणाने उभा केला. त्या देशात व्यावसायिक वादकाला सरकारी मंडळासमोर परीक्षा देऊन दर्जा मिळवावा लागे. त्या दर्जावर मानधन, वाद्ये, सरावाची जागा हे सगळे अवलंबून असे. मराठी नाट्यरसिकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ ठाऊक आहे, पण ते संहिता तपासते. चेक मंडळ माणूस तपासत असे, त्याचे केस, त्याच्या वाद्यवृंदाचे नाव आणि तो कोणत्या भाषेत गातो यांसकट. 1970 साली या वाद्यवृंदाचा परवाना गेला आणि त्याबरोबर वाद्येही गेली. त्यांच्यातील एकाने जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून ध्वनिवर्धक जुळवले. पुढे ही मंडळी खेड्यांतील खानावळींत, धान्याच्या कोठारांत आणि मित्रांच्या लग्नांत वाजवू लागली, कारण लग्नात वाजवायला परवाना लागत नसे.

म्हणजे एकीकडे संमती नसलेला पाळक आणि दुसरीकडे परवाना नसलेले वादक. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट संगीताची आवड नव्हती, आणि आरंभी तरी श्रद्धाही नव्हती. दोघांच्याही तोंडावर त्याच राज्याने तोच कागद आडवा धरला होता. लग्नांत आणि कोठारांत जमणाऱ्या त्या मंडळींत कारासेक गिटार घेऊन एकटेच उभे राहत आणि गात. देवळातील गायकवृंदाला त्यांची गाणी ओबडधोबड वाटतील, हे मान्य आहे. परंतु ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशा शेकडो तरुणांनी येशूविषयीचे पहिले शब्द त्या कोठारांत ऐकले, हेही विसरता येत नाही.

प्रश्न : त्या गाण्यांत सरकारवर टीका होती का? नसेल तर खटला नेमका कोणत्या गुन्ह्याचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सरकारवरील टीका जवळजवळ नव्हती, आणि सरकारची अडचणही तीच होती. 21 फेब्रुवारी 1976 रोजी बोयानोवित्से या खेड्यात इवान मार्टिन यिरोउस यांच्या लग्नानिमित्त मोठी मैफल झाली. यिरोउस हे कला-इतिहासकार, वाद्यवृंदाचे मार्गदर्शक आणि त्या साऱ्या वर्तुळाचे विचारक होते. सरकारी मान्यतेची वाट न पाहता, तिच्याशी भांडतही न बसता, बाजूला ‘दुसरी संस्कृती’ उभी करावी, हा त्यांचा आग्रह होता. मार्चमध्ये अटकसत्र झाले. सप्टेंबरच्या 21 ते 23 तारखांना प्राग येथे चौघांवर खटला चालला तो दंडसंहितेच्या 202 व्या कलमाखाली, म्हणजे दारू पिऊन चौकात धिंगाणा घालणाऱ्याला जे कलम लावतात त्याखाली. गाण्यांतील अश्लील शब्द हा मुख्य पुरावा होता. यिरोउस यांना 18 महिने, पावेल झायीचेक यांना 12 महिने, सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि पाळक कारासेक यांना प्रत्येकी 8 महिने अशा शिक्षा झाल्या.

नाटककार वाक्लाव हावेल या खटल्याला हजर होते. राजकीय विरोधकांना तुरुंगात टाकणे हे त्या देशाला नवे नव्हते. विरोधकही तो आपल्या खेळाचा नियम समजत. येथे मात्र ज्यांना सत्ता नको होती, पक्ष नको होता, फक्त आपल्या मनासारखे जगायचे आणि वाजवायचे होते, त्यांना उचलण्यात आले. हावेल यांनी नंतर 1978 साली लिहिले त्याचा आशय असा की, रॉक वाजवण्याचे स्वातंत्र्य आणि तत्त्वचिंतन करण्याचे, लिहिण्याचे किंवा श्रद्धा पाळण्याचे स्वातंत्र्य ही मुळात एकच गोष्ट आहे. एकावर घाला पडताना दुसऱ्याने गप्प बसणे म्हणजे स्वतःचा हक्क सोडून देणे. 69 वर्षांचे तत्त्वज्ञ यान पातोच्का, ज्यांचा रॉक संगीताशी काडीचाही संबंध नव्हता, यांनीही त्या वर्षाच्या अखेरीस या तरुणांच्या बाजूने लिहिले. योगायोग असा की खटल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर 1976 मध्ये, नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार त्या देशाच्या राजपत्रात छापला गेला. 1 जानेवारी 1977 ही तारीख असलेल्या सनदेने सरकारकडे एवढेच मागितले की, तुम्ही स्वतः छापलेला कायदा तुम्ही पाळा. हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिरी हायेक हे तिचे पहिले तीन प्रवक्ते होते. दीर्घ पोलीस चौकशीनंतर पातोच्का 13 मार्च 1977 रोजी रुग्णालयात वारले.

प्रश्न : कारासेक ख्रिस्ती होते हे समजले. पण बाकीचे वादक श्रद्धावान होते काय, की पाळकाची सोबत हा निव्वळ योगायोग होता?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : सगळ्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. यिरोउस कॅथलिक होते, तेही शिस्तीत बसणारे नव्हेत. मद्यप्रेमी, भांडखोर आणि पाच वेळा मिळून सुमारे साडेआठ वर्षे तुरुंगात काढलेले. वाल्दित्से येथील तुरुंगात त्यांनी रचलेल्या कवितांत प्रार्थना आणि शिवी एकमेकींना खेटून बसलेली दिसतात. ब्राबेनेत्स यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते. इतर काहींना धर्माशी फारसे देणेघेणे नव्हते.

तरीही खटल्यानंतर या वाद्यवृंदाने जी पहिली मोठी रचना केली ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाची, म्हणजे पुण्य शुक्रवारच्या कथेची होती. ब्राबेनेत्स यांनी जुन्या आणि नव्या करारांतील वचनांतून तिची संहिता बांधली. एप्रिल 1978 मध्ये ती हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरात सादर झाली आणि तिथेच ध्वनिमुद्रित झाली. ती फीत देशाबाहेर नेण्यात आली आणि 1980 साली कॅनडात तिची तबकडी निघाली. ही रचना ऐकणे सोपे नाही. जर्मन परंपरेतील दुःखसहन-संगीताची उदात्त शोकमग्नता तिच्यात नाही. कुरकुरणारा सॅक्सोफोन, पुन्हा पुन्हा तोच ठेका, आणि गायनापेक्षा जमावाच्या ओरडण्याशी अधिक जुळणारे आवाज तिच्यात आहेत. मला ती यामुळेच खरी वाटते. दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेल्या, सार्वजनिक शांततेला धोका ठरवलेल्या आणि जमावाच्या ओरड्याने दोषी ठरलेल्या माणसाची कथा सांगताना या वादकांना कल्पनाशक्तीला फार ताण द्यावा लागला नसावा. त्यांना ही कथा धर्मग्रंथातून मिळाली खरी, परंतु तिचा अर्थ त्यांनी न्यायालयाच्या बाकावर बसून वाचला होता. या रचनेला श्रद्धेची साक्ष म्हणावे की नाही, यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसांतही मतभेद होतील. माझ्या मते ती साक्षच आहे.

प्रश्न : अशा वेळी चर्च आपल्या पाळकाच्या पाठीशी उभे राहिले असेलच. त्याविषयी माहिती द्यावी.
— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : आपल्या अपेक्षेप्रमाणे लिहिता आले असते तर आनंद झाला असता. चर्चमधील काही माणसे उभी राहिली. चर्चचे नेतृत्व, काही अपवाद वगळता, खाली मान घालून उभे राहिले. चेक बंधूंच्या चर्चमधील 31 जणांनी 1977 साली संसदेला निवेदन पाठवून, श्रद्धावान नागरिकांवर होणाऱ्या अन्यायाची यादीच मांडली. त्यांच्यापासून वरिष्ठांनी अंतर राखले. सनदेवर सही करणाऱ्या पाळकांची ‘राज्याची संमती’ एकामागून एक जात होती आणि मंडळीचे वेतन, इमारत, पाळकांच्या मुलांचे शिक्षण हे सगळे राज्याच्या हातात होते. या भीतीला मी भेकडपणा म्हणणार नाही. ज्याला आठवड्याला एकदा पन्नास म्हाताऱ्या माणसांसमोर बायबल उघडता येते आणि उद्या तेही बंद होईल, त्याचा हिशेब बाहेरच्याला करता येत नाही.

कॅथलिक बाजूचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रागचे कार्डिनल फ्रान्तिशेक तोमाशेक यांनी 1977 साली सनदेपासून स्वतःला दूर ठेवले. मोरावियातील ऑगस्टिन नावरातिल या शेतकऱ्याने धर्मस्वातंत्र्याच्या 31 मागण्यांचे निवेदन काढले तेव्हा मात्र, 1988 साली, त्याच तोमाशेक यांनी वयाची 88 वर्षे उलटली असताना लोकांना सही करण्याचे आवाहन केले, आणि भित्रेपणा ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असे बजावले. सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. ज्याने दहा वर्षे सावधपणे काढली तोच म्हातारपणी पुढे आला, ही गोष्ट मला नायकांच्या कथांपेक्षा अधिक उपयोगी वाटते.

पाळकांच्या बाजूने आणखी एक नाव सांगितले पाहिजे. सोव्हिएत आक्रमणाचा निषेध म्हणून यान पालाख या विद्यार्थ्याने 16 जानेवारी 1969 रोजी स्वतःला पेटवून घेतले. त्याचा अंत्यविधी करणारे पाळक याकुब त्रोयान यांचीही संमती पुढे गेली.

प्रश्न : पूर्व जर्मनीत चर्चमध्ये ‘ब्लूजच्या उपासना’ होत असत, असे वाचले. उपासनेच्या नावाखाली जलसा भरवणे हा उपासनेचा गैरवापर नव्हे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हाच आक्षेप पूर्व जर्मन सरकारचाही होता, अर्थात तेवढ्याने आक्षेप खोटा ठरत नाही.

तिथेही वादकांना सरकारी दर्जापत्र लागे, आणि सार्वजनिक कार्यक्रमाची आगाऊ नोंद करावी लागे. मात्र चर्चमधील उपासनेला अशी नोंद लागत नसे. 6 मार्च 1978 रोजी सत्ताधारी पक्षाचे प्रमुख एरिख होनेकर आणि बिशप आल्ब्रेख्त शोनहेर यांच्यात झालेल्या समझोत्याने चर्चची ही जागा थोडी अधिक सुरक्षित झाली होती. पूर्व बर्लिनच्या फ्रिडरिशहाइन भागातील समारितर चर्चचे पाळक रायनर एपेलमान यांच्याकडे ब्लूज गायक ग्युंटर होल्वास यांनी चर्चमध्ये वाजवण्याची कल्पना मांडली आणि 1 जून 1979 रोजी पहिली ब्लूज-उपासना झाली. आरंभी काहीशे माणसे आली. पुढे संख्या हजारांत गेली आणि एकाच दिवशी उपासना पुन्हा पुन्हा घ्याव्या लागल्या. 1986 पर्यंत हा क्रम चालला. एपेलमान स्वतः तरुणपणी सैन्यातील शपथ नाकारल्याबद्दल आठ महिने तुरुंगात होते.

आता गैरवापराविषयी. अनेक जण केवळ संगीतासाठी येत, हे उघड होते. दारूच्या आणि गोंगाटाच्या तक्रारी होत, आणि त्या सरकारी अधिकाऱ्यांप्रमाणे मंडळीतील जुन्या सभासदांच्याही असत. सरकारने बिशपांवर दडपण आणले की यात उपासना कोठे आहे ते दाखवा. त्याचा एक परिणाम असा झाला की आयोजकांना प्रत्येक वेळी बायबलचे वाचन, नाटुकली, प्रवचन आणि प्रार्थना यांची नीट जुळणी करावी लागली. भीती, खोटेपणा, एकटेपणा हे विषय घेऊन ती प्रवचने होत. म्हणजे उपासना खरी आहे का, असे अविश्वासाने विचारून राज्यानेच ती अधिक खरी करवून घेतली. ज्या समाजात विनापरवाना एकत्र बसण्याची चर्च ही एकच जागा उरते, तिथे लोक मिश्र हेतूंनीच येणार. गालिलातील डोंगरावर भाकरीसाठी आलेल्यांना येशूने परत पाठवले नव्हते.

(उलट दिशेचे उदाहरण प्रागमध्येच आहे. यिरोउस यांनी कला-इतिहासकार म्हणून अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावर व्याख्यान जाहीर करावे, काही चित्रे दाखवावीत आणि मग ‘उदाहरणादाखल’ वाद्यवृंदाने दोन तास वाजवावे, असे घडले आहे. तिथे व्याख्यान हे निव्वळ निमित्त होते. एपेलमान यांच्या चर्चमध्ये प्रार्थना निमित्त नव्हती.)

या जागेची किंमतही मोजावी लागली. 17 ऑक्टोबर 1987 रोजी पूर्व बर्लिनच्या झिओन चर्चमध्ये रॉक मैफल सुटत असताना नवनाझी टोळीने श्रोत्यांवर हल्ला केला आणि जवळ असलेले पोलीस मध्ये पडले नाहीत. याच झिओन चर्चच्या मंडळीत 1930 च्या दशकाच्या आरंभी डीट्रिख बोनहोफर या तरुण धर्मशास्त्रज्ञाने गरीब वस्तीतील मुलांचा दृढीकरणाचा वर्ग घेतला होता. बोनहोफर त्याआधी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये नियमाने जात. तिथल्या भक्तिगीतांच्या तबकड्या त्यांनी जर्मनीला आणल्या आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवल्या. हिटलरच्या राजवटीने त्यांना 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे फाशी दिले. शुद्ध संगीत आणि अशुद्ध संगीत यांच्यातील सीमा कोणी आखावी, हा प्रश्न वसईच्या वाचकांनीही विचारला होता. बोनहोफर यांनी तो हार्लेममध्ये आपल्यापुरता सोडवला होता, असे मला वाटते.

प्रश्न : 1989 नंतर या सर्वांचे काय झाले, हे थोडक्यात सांगावे.
— अनेक वाचक

उत्तर : कारासेक यांना 1980 साली देश सोडावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिख येथे त्यांनी पाळक म्हणून काम केले, 1997 साली ते परतले, 2002 ते 2006 या काळात चेक संसदेचे सदस्य होते आणि 20 डिसेंबर 2020 रोजी वारले. ब्राबेनेत्स यांनी 1982 साली कॅनडा गाठला. तेही 1997 साली परतले. यिरोउस 2011 साली वारले. एपेलमान 1990 साली पूर्व जर्मनीच्या अखेरच्या सरकारात मंत्री झाले. खाते होते निःशस्त्रीकरण आणि संरक्षण.

नोव्हेंबर 1989 च्या सभांचे सूत्रसंचालन करणारे वाक्लाव माली हे संमती गमावलेले कॅथलिक धर्मगुरू होते आणि मधल्या काळात त्यांनी बॉयलर पेटवण्याचे काम केले होते. त्याच दिवसांत वेन्सेस्लास चौकातील एका सज्जात मार्ता कुबिशोवा उभ्या राहिल्या. 1970 पासून त्यांना जाहीर गाण्याची बंदी होती, आणि त्या सनदेच्या प्रवक्त्याही होत्या. त्यांनी गायलेल्या प्रार्थनेतील शब्द सतराव्या शतकात धर्मासाठी देशोधडीला लागलेले बिशप आणि शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांच्या लेखनावरून घेतलेले आहेत. पातोच्का यांनी आयुष्याचा मोठा भाग ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासात घालवला ते हेच कोमेनियस.

‘राज्याची संमती’ जानेवारी 1990 मध्ये रद्द झाली. धर्मोपदेशकांचे सरकारी वेतन मात्र चालूच राहिले. 2012 साली संमत झालेल्या कायद्याने 2013 पासून 17 वर्षांत ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, आणि त्या मुदतीतील काही वर्षे अजून शिल्लक आहेत.